पाचशे ग्रॅमचा खड्डा

वीस किलोचं लोखंडी वजन जिन्यावरून नेताना दोन पायऱ्या चढायच्या, थांबायचं, मग पुन्हा दोन.

*

पोहायला शिकणाऱ्या माणसाला आधी श्वास सोडायला शिकवतात. घ्यायला नंतर.

*

बर्फाचा एक खडा म्हणजे वीस मिलीलिटर पाणी. तो चावायचा नसतो. जिभेवर ठेवून विसरून जायचा असतो.

*

गाळणीत धुतलेली कुठलीही बारीक वस्तू खिडकीतल्या उन्हात वाळायला साधारण दोन तास घेते. दुपारची झोप झोपणारा माणूस तेवढ्यात सहसा उठत नाही.

*

डायलिसिसच्या खोलीत तीन नंबरच्या खुर्चीखाली रबराची एक काळी मॅट आहे. ती तिथं का आहे, हे कुणी विचारत नाही.

*

"शनिवार तेवढा सोडा हो मॅडम. बाकीचा आठवडा घ्या."

*

सोमवार. ६३.८

काटेसाहेबांना सगळे काटेसाहेब म्हणत, कारण चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे वजनकाटे तपासण्यात घालवली होती. दुकानातले, गोदामातले, टपाल कचेरीतले, सोनारांच्या काचेच्या पेटीतले. काट्यासमोर उभं राहिलं की त्यांचा चेहरा बदलत असे. लग्नातल्या फोटोतसुद्धा त्यांचा चेहरा एवढा गंभीर नव्हता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, मग मूत्रपिंडांनी काम सोडलं, आणि गेले सात महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातले तीन दिवस एक काटा त्यांचीच तपासणी करत होता. नियतीला विनोद कळतो, पण तो सांगायची वेळ तिला कळत नाही.

नियम साधा होता. त्यांचं ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढून टाकल्यावर उरतं ते वजन, एकसष्ट किलो. दोन डायलिसिसच्या मधे ते जेवढं वाढेल तेवढं पाणी. ते पाणी मशिन चार तासांत ओढून काढतं. वाढ दोन किलोच्या आत असली तर माणूस आपल्या पायांनी घरी जातो. तीन झाली तर पायात पेटके येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि सिस्टर पळत येऊन खुर्ची मागे कलती करते.

"दोन किलो आठशे," सिस्टर आकडा लिहीत म्हणाली. "साहेब, काय चाललंय काय?"

"काही नाही," काटेसाहेब म्हणाले. "अळणी खातोय."

आणि एका अर्थी ते खरं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं: मीठ कमी तर तहान कमी, तहान कमी तर पाणी कमी, पाणी कमी तर मशिनला ओढाताण कमी. दिवसभरात सगळं मिळून अर्धा चमचा मीठ, त्यावर नाही. बायकोनं ते ऐकलं आणि घरी येऊन अर्ध्याचा पाव केला. मिठाची बरणी कुठं गेली ते काटेसाहेबांना कधीच कळलं नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीनं मोठ्या प्रेमानं 'कमी सोडियमचं' मीठ आणून दिलं, तर डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटं करून वाचलं आणि म्हणाल्या, "यात पोटॅशियम भरलंय. हे खाल्लं तर हृदय बंद पडेल. कुणी दिलं?" तेव्हापासून बायको नणंदेशी जरा जपूनच बोलत होती.

पहिला महिना जेवण म्हणजे ओला कागद. भाजी ओला कागद, अंडं ओला कागद, सूप म्हणजे ज्यात कागद भिजवला ते पाणी. बायकोही त्यांच्याबरोबर तेच जेवायला बसे. पण वाढून घेतलं की ती ताट घेऊन एकदा स्वयंपाकघरात जाई आणि त्यावर काहीतरी शिंपडून येई.

"काय घातलंस?"

"मिरपूड. आणि लिंबू."

"अस्सं."

काटेसाहेबांना दाट संशय होता. पुरावा नव्हता. शिवाय शनिवारी ती चार तास बाहेर असे. तिथं ती काय काय खात असेल, याचा विचार करत ते घरी बसून राहत. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी बायको पोहायला शिकत होती. नवऱ्याला दिवसाला पाऊण लिटर पाण्यावर ठेवून ही बाई दर शनिवारी लाखो लिटर पाण्यात उतरते, यातला अन्याय त्यांनी तिला दोनदा बोलूनही दाखवला होता. दोन्ही वेळा ती ओले केस पुसत राहिली होती.

"तुम्ही गेल्या बुधवारीही दोन सातशे होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या फेरीवर आल्या होत्या. "शुक्रवारी दोन नऊशे. आज दोन आठशे. हे असं हृदयाला झेपणार नाही. या शुक्रवारीही अडीचच्या वर असाल, तर मी चौथा दिवस लावणार. शनिवार."

बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्या शनिवारी ती पहिल्यांदा, दोर न धरता, तलावाची अख्खी लांबी पोहून जाणार होती. चार महिने ती त्यासाठी श्वास सोडायला शिकली होती.

तेव्हा काटेसाहेब म्हणाले, "शनिवार तेवढा सोडा हो मॅडम. बाकीचा आठवडा घ्या."

"मला नका सांगू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "त्याला सांगा."

एवढं बोलून त्या गेल्या. त्यांना कल्पना नव्हती, की त्या कुणाला काय सांगून गेल्या.

*

मंगळवार. वजन नाही.

निरोपाच्या दिवशी कचेरीनं काटेसाहेबांना पितळी वजनांची जुनी पेटी भेट दिली होती. आत निळी मखमल, आणि एक किलोपासून दहा ग्रॅमपर्यंत प्रत्येक वजनाला आपापला गोल खड्डा. त्यातलं पाचशेचं वजन नव्हतं. ते कुणीतरी फार पूर्वीच दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून नेलं होतं आणि ते दार अजून तिथंच उघडं होतं.

त्या रिकाम्या खड्ड्यात खारे शेंगदाणे राहत.

दर मंगळवारी सकाळी फिरायला गेले की ते एक लहान पाकीट घेत. घरी येऊन मोजून बेचाळीस दाणे खड्ड्यात भरत. बाकीचे वाटेतच पाखरांना घालून येत, कारण बेचाळीस म्हणजे बेचाळीस. मंगळवारी संध्याकाळपासून रोज पाच वाजता सहा. त्याआधी एकालाही हात नाही. दार लोटायचं, एकेक दाणा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे. सात महिन्यांच्या कागदी जेवणानंतर तो खारट कण असा चमकून जाई, की त्यांना आपण अजून कुणीतरी आहोत असं वाटे.

चोरी होती, पण शिस्तीतली. सहा दाण्यांवरचं मीठ किती, हे त्यांनी सोनाराच्या काट्यावर मोजूनही आणलं होतं. इतकं कमी, की सोनारानं विचारलं, "साहेब, हा कुठला धातू?" एवढ्याशा मिठानं तीन किलो पाणी ओढलं जाणं शक्य नव्हतं. आणि दाणे खाल्ल्यावर जी सणसणीत तहान लागे, त्यासाठी ते न्हाणीघरात जाऊन दाढीच्या मगनं नळाचं पाणी पीत, ते त्यांच्या लेखी नव्हतंच. ते पाणी मोजलेलं नव्हतं. जे मोजलेलं नाही त्याबद्दल मत द्यायचं नाही, हे त्यांनी कचेरीतल्या नव्या पोरांना आयुष्यभर शिकवलं होतं.

पाच आठवड्यांपूर्वी एकदा संध्याकाळी पेटी उघडली, तर दाणे एक्केचाळीस भरले. काटेसाहेबांनी तीनदा मोजले. चौतीस वर्षांत त्यांची मोजणी चुकली नव्हती. त्या दिवशी ते बराच वेळ खिडकीत बसून राहिले. मूत्रपिंडं गेली तेव्हा नव्हतं वाटलं, पण त्या एका दाण्यानं त्यांना वाटलं, आपण म्हातारे झालो.

असो. तर मीठ नाही, पाणी नाही, मग उरलं काय? काटा. दवाखान्याचा काटा जास्त दाखवत होता. त्यांनी आपल्या जागी आलेल्या साहेबाला फोन लावला.

"मला एक वीस किलोचं प्रमाण वजन पाहिजे. एका दिवसाच्या बोलीवर."

"देतो की सर. कशाला पाहिजे?"

"एका प्रकरणात गोवलंय मला," काटेसाहेब म्हणाले.

*

शुक्रवार. ६४.०

लोखंडी वजन बाजारहाटाच्या चाकांच्या पिशवीत घातलं. डायलिसिसच्या सुया लागतात त्या डाव्या हातानं काटेसाहेबांना जड उचलायला बंदी, आणि उजव्या हातात पितळी पेटी. म्हणजे पिशवी ओढायची बायकोनं.

"ती पेटी कशाला आणखी?" तिनं दारातच विचारलं.

"बारीक फरक काढायला लागते."

"घरी राहू द्या ना ती."

"अगं, तुला यातलं काय कळतं?"

बायकोनं पेटीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "मला काही कळत नाही," ती म्हणाली, आणि तिनं पिशवी ओढायला घेतली.

दवाखान्याची लिफ्ट बंद होती. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बायकोचा श्वास आपोआप पोहण्याच्या लयीत चालायला लागला होता.

काटेसाहेब काट्यावर उभे राहिले आणि सिस्टरनं आकडा वाचला: चौसष्ट. तीन किलो वाढ. ती पेन उघडणार, एवढ्यात काटेसाहेब म्हणाले, "लिहू नका. हा काटा तपासल्याशिवाय मी हा आकडा मान्य करत नाही."

"साहेब, मशिन लावून ठेवलंय तुमचं."

"दहा मिनिटं."

"अहो, पण..."

"सिस्टर, एखाद्या दुकानदारानं मला 'अहो पण' म्हटलं ना, की मी वीस मिनिटं लावायचो."

तीन नंबरच्या खुर्चीत ड्रायव्हरकाका होते. तीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली होती आणि पथ्य त्यांनी वेगमर्यादेसारखंच पाळलं होतं. वेफर्स, चीज, खारवलेले मासे. येताना चार किलो वाढवून यायचे, तिसऱ्या तासाला पेटके आले की खुर्चीचे हात धरून ओरडायचे, आणि घरी जाताना वाटेत वेफर्स घ्यायचे. त्यांची सुई अजून लागली नव्हती. ते उठून आले.

"म्हणजे काटाच खोटा होय? मला वाटतच होतं! मी काही चार किलोचा माणूस नाही."

बातमी खोलीभर झाली. एक नंबरच्या, सतत विणत बसणाऱ्या आजी विणकाम बाजूला ठेवून आल्या. पाच नंबरचे शिक्षक आले. सगळ्यांचीच काट्याविरुद्ध काही ना काही तक्रार होती. सात महिने एकमेकांशी धड न बोललेली माणसं एका मिनिटात एका बाजूची झाली. "आमचंही बघा, साहेब." "मी गेल्या आठवड्यात नुसतं उकडलेलं खाल्लं, तरी दोन दोनशे!" काटेसाहेबांची छाती भरून आली. त्यांनी शर्टाची बाही सारखी केली.

ड्रायव्हरकाकांनी लोखंडी वजन उचलून काट्यावर ठेवलं. वीस किलो, शिक्का मारलेलं, सरकारमान्य. पडदा उजळला.

१९.४

आजींनी विचारलं, "म्हणजे कसं?"

"म्हणजे," शिक्षक सावकाश म्हणाले, "काटा कमी दाखवतो."

"म्हणजे आपण आहोत त्याहून जड आहोत?"

"सहाशे ग्रॅम."

आजींनी काटेसाहेबांकडे असं पाहिलं, की जणू ते सहाशे ग्रॅम त्यांनीच आजींच्या अंगावर ओतले होते. "कुणी सांगितलं होतं याला डिवचायला?" म्हणत त्या खुर्चीकडे गेल्या.

इथं दुसरा एखादा माणूस मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसला असता. पण तपासणी अर्धवट सोडणं काटेसाहेबांच्या रक्तात नव्हतं, आणि त्यांचं रक्त तर आठवड्यातून तीनदा गाळून निघत होतं. किती कमी दाखवतो ते ग्रॅमपर्यंत काढायला हवं. त्यांनी पितळी पेटी टेबलावर ठेवली.

आता त्यांच्या खात्यातली एक रीत सांगायला हवी. वजनांची पेटी उघडताना तिचं तोंड समोरच्याकडे करायचं असतं. निरीक्षकानं आधी बघायचं नाही. ज्याची तपासणी आहे त्यानं आधी बघायचं, म्हणजे पुढे वाद नको. चौतीस वर्षांत काटेसाहेबांनी एकही पेटी स्वतःकडे तोंड करून उघडली नव्हती. आणि त्या क्षणी ते पेशंट नव्हते. रोज पाच वाजता दार लोटणारा माणूस वेगळा होता, तो घरी राहिला होता. इथं होते ते निरीक्षक. त्यांनी पेटी खोलीकडे वळवली, खटका दाबला आणि झाकण उघडून म्हणाले, "बघून घ्या."

सगळ्यांनी बघून घेतलं.

"साहेब," सिस्टर म्हणाली, "हे शेंगदाणे आहेत."

काटेसाहेबांनी झाकणावरून वाकून पाहिलं. निळ्या मखमलीत, एक किलो आणि दोनशेच्या मधे, चोवीस दाणे नीट बसले होते.

"खारे?" सिस्टरचा आवाज चढला.

काटेसाहेबांना खोटं बोलता येत नसे; सवयच नव्हती. "खारे," ते म्हणाले. "रोज सहा."

एवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांनी काट्यावरचं लोखंड पाहिलं, पेटी पाहिली, दाणे पाहिले. आणि त्या तोंड उघडणार, तोच ड्रायव्हरकाकांनी हात घालून एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. त्यांना कुणी अडवू शकलं नाही. आयुष्यभर त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

त्यांनी चावला. थांबले. दुसरा घेतला. चेहऱ्यावर गाढ निराशा पसरली.

"साहेब, चेष्टा करता काय गरिबाची?" ते म्हणाले. "यात मीठ कुठंय?"

"म्हणजे?"

"अळणी आहेत हो! मीठ मला एक मैलावरून कळतं. याच्यात नावाला नाही. आणि वातड झालेत वर!"

सिस्टरनं एक दाणा उजेडात धरून पाहिला. बोटाला काही लागलं नाही. काटेसाहेबांनी स्वतः एक उचलला, जिभेवर ठेवला, सवयीनं डोळे मिटले. "खारट आहे की," ते म्हणाले. "चांगला खारट आहे."

"नाही हो साहेब."

"अहो, मी रोज..." असं म्हणून ते थांबले, कारण खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या होत्या, आणि त्या जिकडे वळल्या होत्या तिकडे स्टुलावर त्यांची बायको बसली होती. रिकामी चाकांची पिशवी तिच्या मांडीवर होती. तिनं पिशवीची नीट घडी घातली.

"मी धुते ते," ती म्हणाली. "मंगळवारी. तुम्ही दुपारचे झोपता तेव्हा. पाच आठवडे झाले. गाळणीत धुते, खिडकीत वाळवते, परत भरून ठेवते."

"मोजून?"

"मग काय? एक कमी पडला तर तुम्ही पोलिसांत जाल."

ड्रायव्हरकाका हसायला लागले ते खुर्चीत बसेपर्यंत हसत होते. शिक्षकही हसले. आजी लांबूनच म्हणाल्या, "शाब्बास गं बाई." डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या चार्ट बघत होत्या.

"एक मिनिट. दाण्यात मीठ नव्हतं. जेवणात मीठ नाही. मग हे तीन किलो पाणी आलं कुठून? एवढी तहान कशाची?"

काटेसाहेबांनी पेटीतलं एक वजन खड्ड्यात सरळ केलं.

"दाणे खाल्ल्यावर लागायची," ते म्हणाले.

"अहो, पण ते अळणी होते!"

"मला काय माहीत? खारे खाल्ले म्हटल्यावर तहान लागणारच ना माणसाला!"

"आणि पाणी कुठलं प्यायलात? दिवसाच्या पाण्याची बाटली तर तुमच्या बायकोच्या ताब्यात असते."

"न्हाणीघरातलं. दाढीच्या मगनं."

"किती?"

काटेसाहेबांच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण उत्तर ते होतं. "मोजलं नाही," ते म्हणाले.

बायको उठून उभी राहिली. इतका वेळ तिचा आवाज शांत होता, तो आता शांत नव्हता. "मी दाणे धुतले," ती म्हणाली. "आता नळ कसा धुऊ? सांगा ना. नळ कसा धुऊ मी?"

ड्रायव्हरकाकांचं हसू थांबलं.

काटेसाहेबांनी मग जे केलं, ते बघून सिस्टरला आधी वाटलं की त्यांना चक्कर येतेय. ते खाली वाकले, पेटीतून दोनशेचं एक वजन घेतलं, ते काट्यावर लोखंडाशेजारी ठेवलं. मग दुसरं दोनशेचं. शंभर. पन्नास. वीस, वीस, दहा. सगळी बारकी वजनं संपली तेव्हा पडद्यावर आलं: २०.०

"बरोबर सहाशे," ते म्हणाले. आवाज साधा होता, कचेरीतला. "सिस्टर, आता तुम्ही उभ्या राहा. ड्रायव्हर, ही वजनं काढा, मग एकदा लोखंड यांच्या पायाशी ठेवा, एकदा उचला." दोन्ही वेळचा फरक बरोबर वीस भरला. "काट्याची चाल ठीक आहे. शून्य सरकलंय. यावर पूर्वी काही अंथरलेलं असायचं का? रबर वगैरे?"

सिस्टर आठवत होती, तेवढ्यात ड्रायव्हरकाकांनी आपल्या खुर्चीखालची काळी मॅट हळूच पायानं पुढे सरकवली. "फरशी गार लागते हो," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. तिथं पडलेलीच होती की."

मॅट काट्यावर टाकली. तिनं आपले सहाशे ग्रॅम भरून दिले.

"म्हणजे साहेबांची तक्रार खरी होती तर," शिक्षक समजूत घातल्यासारखे म्हणाले.

"नाही," काटेसाहेब म्हणाले. "मी यायच्या आधीपासून हा सहाशे कमीच दाखवतोय. माझं एकसष्ट यानंच ठरवलं आणि आजचं चौसष्टही यानंच सांगितलं. शून्याची चूक वजाबाकीत जाते. वाढ तीन किलो होती आणि तीन किलोच आहे." त्यांनी वजनं एकेक करून आपापल्या खड्ड्यात ठेवली. पाचशेच्या खड्ड्यातले दाणे उपसून ड्रायव्हरकाकांच्या ओंजळीत घातले. काकांनी ते अगदी नाइलाजानं घेतले. मग काटेसाहेब डॉक्टरीणबाईंकडे वळले.

"मॅडम, तीन किलो चार तासांत काढलं तर मला पेटके येतील. आज मला पाच तास बसवा. साडेपाच बसवा. पण उद्या बोलावू नका."

जो माणूस सात महिने दर वेळी शेवटची पंधरा मिनिटं कमी करा म्हणून वाद घालत आला होता, तो असं म्हणतोय म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "पाच," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारी अडीचच्या आत. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून शनिवार माझा. आणि शेंगदाण्यात मीठ सोडूनही तुम्हाला नको असलेलं बरंच काही असतं, ते मी तुम्हाला पाच तासांत सविस्तर सांगते. तुम्ही कुठं जाणार नाही."

*

चौथा तास.

ड्रायव्हरकाकांना पेटके येऊन गेले होते आणि ते दमून झोपले होते. मॅट पुन्हा काट्यावर गेली होती. काकांच्या पायांखाली आजींनी आपलं अर्धवट विणलेलं काहीतरी घातलं होतं.

"पाच आठवडे," काटेसाहेब म्हणाले. "आणि मला चव तीच लागत होती."

"मॅडम म्हणाल्या ना, मीठ सुटलं की दोन-तीन महिन्यांत जीभ शिकते," बायको म्हणाली. "मग जरासं लागलं तरी तिला भरपूर वाटतं. धुतल्यावर कण तरी राहतच असेल कुठं फटीत."

"माझी जीभ जास्त दाखवते. इथला काटा कमी दाखवतो." त्यांनी मान कोपऱ्यातल्या काट्याकडे वळवली. "मी मधल्यामधे."

"तुम्ही बोललात का नाही मला? सरळ सांगायचं, दाणे खावेसे वाटतात म्हणून."

"तू का नाही बोललीस? सरळ सांगायचं, पेटी बघितली म्हणून."

तिनं थर्मासचं झाकण उघडलं, बर्फाचा एक खडा काढला आणि त्यांच्या जिभेवर ठेवला. "पाच वाजता तुमचं दार लोटलेलं असायचं," ती नंतर म्हणाली. "आणि बाहेर आलात की तुम्ही बरे दिसायचात. तेवढ्या वेळापुरते. मग म्हटलं, असू दे."

काटेसाहेबांनी खडा चावला नाही. तो पुरता विरघळल्यावर ते म्हणाले, "तुझं बरंय. तू शनिवारी बाहेर खातेस."

बायकोनं पिशवीतून टॉवेल काढला आणि त्यांच्या सुजलेल्या पायांवर घातला.

*

शनिवार. वजन नाही.

तलावाच्या काठावर प्लास्टिकची एक खुर्ची टाकून काटेसाहेब बसले होते. मांडीवर त्यांची पाऊण लिटरची बाटली, आणि पुढे एवढं पाणी, की मोजायला कुठून सुरुवात करावी कळू नये. क्लोरिनच्या वासानं घसा कोरडा पडत होता. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि बाटली खुर्चीखाली ठेवली.

बायको निळ्या टोपीत लहान दिसत होती. शिकवणाऱ्या बाईंनी शिट्टी वाजवली. ती निघाली. मान पाण्यात, मग बाहेर, मग पाण्यात. श्वास सोडणं, सोडणं, घेणं. अर्ध्यावर ती वाकडी झाली, एक हात दोराकडे गेला, आणि दोराला न लागता परत आला. काटेसाहेब उभे राहिले होते. आपण उभे आहोत हे त्यांना शेजारच्या माणसानं "बसा हो, दिसत नाही" म्हटल्यावर कळलं.

शेवटी तिनं पाय टेकले आणि भिंतीला हात लावला. त्याच क्रमानं: आधी पाय, मग हात. पाय टेकले तेव्हा भिंत अजून चार बोटं लांब होती. शिकवणारी बाई दुसरीकडे बघत होती. काटेसाहेब बघत होते.

"पोचले ना?" बायकोनं पाण्यातूनच विचारलं. डोळे लाल झाले होते, तोंड उघडं होतं. "अहो, पोचले ना मी?"

चार बोटं कमी म्हणून त्यांनी चौतीस वर्षांत किती कापडदुकानांच्या मोजपट्ट्या जप्त केल्या होत्या.

"पोचलीस," काटेसाहेब म्हणाले. "शून्याची चूक. वजाबाकीत जाते."

ती हसली, म्हणजे तिला कळलं होतं. केस पुसत ती त्यांच्याशेजारी येऊन बसली तेव्हा समोरच्या उपाहारगृहाच्या खिडकीत कुणीतरी खाऱ्या दाण्यांची पाकिटं दोरीवर टांगत होतं.

"घे ना तुला," ते म्हणाले. "मी बघणार नाही. आज तुझा मान आहे."

"नको," ती म्हणाली. "मला नाही आवडत."

त्यांना वाटलं, आपल्यासाठी म्हणतेय. बाटली काढून त्यांनी एक घोट घेतला, आणि तो मोजला.

पाच आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी, दाणे पहिल्यांदा गाळणीत ओतण्याआधी, तिनं त्यातला एक तोंडात टाकून पाहिला होता. तो इतका खारट लागला, की तिनं तो बेसिनमध्ये थुंकला.